उतरायचं कुठे?

सहलीचं ठरलं, तिकिटं निघाली, की घरात पुढचा प्रश्न येतोच: खोली आत्ताच बुक करायची, की तिथे गेल्यावर बघून घ्यायची?

आमच्या वडिलांच्या पिढीकडे याचं एकच उत्तर होतं. एसटी स्टँडवर उतरायचं, घरच्यांना सामानापाशी बसवायचं आणि कर्त्या माणसाने समोरच्या गल्लीतली चार लॉज पालथी घालून यायचं. माझे वडील गादी तळहाताने दाबून बघत, न्हाणीघरातला नळ सोडून पाणी किती धारेने येतं ते बघत, खिडकी उघडून मागे काय आहे ते बघत. मग भाव. या सगळ्यात तासभर जायचा, पण पैसे देण्याआधी खोली डोळ्यांखालून गेलेली असायची.

आता क्रम उलटा झाला. पैसे आधी जातात, खोली नंतर दिसते. सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण मधलं ते बघणं गळून पडलं, आणि बहुतेक तक्रारी त्याच फटीतून येतात. तेव्हा या प्रकरणाचा विषय एवढाच: खोली न बघता ती नीट बघायची कशी.

१. आपण नेमकं काय विकत घेतो?

मराठीत आपण पाहुण्याला विचारतो, 'कुठे उतरलात?' हे क्रियापद मला फार नेमकं वाटतं. गाडीतून उतरणं, खांद्यावरचं ओझं उतरवणं, दिवसाचा शीण उतरणं, सगळं त्यात येतं. खोलीचं काम तेच आहे. म्हणून खोली शोधण्याआधी आपला दिवस कागदावर मांडावा. पोचणार किती वाजता? सकाळी बाहेर पडणार किती वाजता? दुपारी परत येणार का? सोबत कोण आहे?

पहिल्याच प्रश्नात अनेक जण अडकतात. मुंबईहून रात्रीची कोकणकन्या पकडली की सिंधुदुर्गात सकाळी उतरतो. पुण्याहून सुटणाऱ्या रात्रीच्या बसही पहाटेच सोडतात. हॉटेलचा 'दिवस' मात्र सहसा दुपारी १२ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० किंवा ११ला संपतो. सकाळी ७ला दारात उभ्या राहिलेल्या कुटुंबाच्या हातात पाच तास उरतात, तेही रात्रभर जागलेल्या मुलांसह. यावर उपाय तीन. आधी फोन करून लवकर खोली मिळेल का ते विचारायचं (आदल्या रात्री ती रिकामी असली तर बहुधा मिळते). नाहीतर अंघोळीपुरती एखादी खोली मागायची. नाहीतर २४ तासांच्या हिशेबाने खोली देणारं लॉज शोधायचं. देवस्थानांच्या गावी आणि स्टँडच्या आसपास अशी लॉज असतात. तिथे सकाळी ७ला आलात, तर दुसऱ्या दिवशी ७पर्यंत खोली तुमची.

२. जागा: नकाशावरचा ठिपका आणि पायाखालचा रस्ता

खोली वाईट निघाली तर एक रात्र काढता येते. जागा चुकली तर सगळी सहल चुकते. म्हणून या मुद्द्यापाशी मी जरा जास्त थांबणार आहे.

ताडोब्याचं उदाहरण घ्या. लोक 'ताडोबा रिसॉर्ट' असं शोधतात, छायाचित्र आवडतं, पैसे भरतात आणि नंतर सफारीचा परवाना काढायला बसतात. पण ताडोबा-अंधारी प्रकल्पाला मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी, पांगडी अशी वेगवेगळी प्रवेशद्वारं आहेत, आणि परवाना ठरावीक द्वाराचा मिळतो. मोहर्लीचा परवाना आणि कोलाऱ्याची खोली असं झालं, की जंगल मध्ये आडवं येतं. त्यातून पलीकडे जाता येत नाही, बाहेरून लांबचा वळसा घालावा लागतो. सकाळची सफारी उजाडताच सुटते, म्हणजे मध्यरात्रीनंतर केव्हातरी उठून निघायचं. इथे क्रम पक्का आहे: आधी परवाना, मग त्याच द्वाराजवळ खोली. शिवाय सफारी मंगळवारी बंद असते आणि गाभा क्षेत्र पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद राहतं. सोमवार-मंगळवार स्वस्त खोली मिळाली म्हणून हरखून जाण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

माथेरानची गोष्ट वेगळी. तिथे मोटारींना बंदी आहे. तुमची गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीने जायचे. इथे 'बाजारापासून १ किलोमीटर' याचा अर्थ सामान घेऊन लाल मातीच्या चढउतारावरचा एक किलोमीटर. गुडघे दुखणारी आई सोबत असेल, तर हा एक आकडा खोलीच्या भावापेक्षा मोठा ठरतो.

महाबळेश्वरचं हॉटेल म्हणून जे दाखवलं जातं, ते कधी पाचगणीच्या बाजूला असतं. दोन्ही गावांत वीसेक किलोमीटरचं अंतर आहे. एरवी ते जाणवत नाही. नाताळच्या आठवड्यात त्याच रस्त्यावर गाड्यांची रांग लागली, की जाणवतं.

कोकणात 'सी-टच' हा शब्द पाटीपाटीवर दिसतो. त्याचे अर्थ तीन असू शकतात: अंगणातून पाऊल थेट वाळूत पडतं, मध्ये रस्ता आहे आणि पलीकडे किनारा, किंवा गच्चीवर गेल्यावर माडांच्या शेंड्यांमधून समुद्र दिसतो. देवबागसारख्या ठिकाणी आणखी एक भर. गावाच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी असल्याने 'पाण्यालगत' म्हटलेलं पाणी नदीचंही असू शकतं. नदीकाठ सुंदर असतो, मुलांसाठी तो पसंत पडेलही. पण लाटांची गाज ऐकत झोपायचं ठरवून गेलेल्याला आधी कळलेलं बरं. यासाठी फोनवरच्या नकाशात उपग्रहाचं चित्र सुरू करावं, हॉटेलचं छप्पर शोधावं आणि तिथून पाण्यापर्यंत मध्ये काय काय आहे ते बघावं. रस्ता, दुसऱ्याचं कुंपण, सुरूचं बन, सगळं दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता थोडा हिशेब. समजा, कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळची खोली २,४०० रुपयांना आहे आणि तीन किलोमीटरवरची १,८०० रुपयांना. लांबच्या खोलीत ६०० रुपये वाचतात. सकाळी दर्शन, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा दर्शन असा बेत असला, तर रिक्षाच्या चार खेपा. एका खेपेचे ८० रुपये धरले तर ३२० गेले. रात्री जेवायला बाहेर पडलात तर आणखी १६०. वाचलेल्या ६०० पैकी उरले १२०, आणि दुपारी अर्धा तास पाठ टेकायला परत येण्याचा कंटाळा केलात तो वेगळाच. दिवसभर बाहेर हिंडून फक्त झोपायला येणाऱ्या तरुणांचा हिशेब याच्या उलट निघेल. त्यांनी लांबची खोली खुशाल घ्यावी.

३. पाटीवर काय लिहिलंय

मराठी माणसासाठी 'हॉटेल' म्हणजे आधी मिसळ आणि चहा. राहायची जागा म्हणजे 'लॉज'. जुन्या पाट्यांवर 'लॉजिंग-बोर्डिंग' असतं. त्यातलं लॉजिंग म्हणजे राहणं आणि बोर्डिंग म्हणजे जेवण. नुसतं 'लॉजिंग' लिहिलं असेल, तर जेवणाची सोय बाहेर बघावी लागेल.

बाकी प्रकार थोडक्यात. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची, म्हणजे एमटीडीसीची, निवासं अनेकदा मोक्याच्या जागी असतात. देवस्थानांची भक्तनिवासं स्वच्छ आणि स्वस्त असतात. काही संस्थानं आगाऊ नोंदणी घेतात, काही आल्यावर रांगेत खोली देतात. मोठ्या रेल्वे स्थानकांवर तिकिटाच्या पीएनआरवर मिळणारी रिटायरिंग रूम फार थोड्यांना आठवते. दोन गाड्यांच्या मध्ये रात्र काढायची असेल तर त्याहून सोयीचं काही नाही.

घरगुती निवास, म्हणजे होमस्टे, हा मला सगळ्यांत आवडणारा प्रकार, पण त्याची रीत वेगळी आहे. तिथे जेवण आधी सांगावं लागतं. सकाळी बाजारातून किंवा होडीवरून मासे येतात ते माणसं मोजून. रात्री ९ला जाऊन सुरमईची थाळी मागितली तर ती नसणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

४. भाव वाचायचा कसा?

पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसतो तो भाव आणि शेवटी द्यावा लागतो तो भाव, यांच्यामध्ये तीन गोष्टी असतात.

पहिली, जेवण. भावापुढे इंग्रजी आद्याक्षरं लिहिलेली असतात. 'ईपी' म्हणजे नुसती खोली. 'सीपी' म्हणजे खोली आणि नाश्ता. 'एमएपी' म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. 'एपी' म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. दोन हॉटेलांची तुलना करताना ही अक्षरं जुळताहेत ना, ते बघावं. चौघांचा नाश्ता ६०० रुपयांचा होत असेल, तर २,५०० रुपयांची ईपी खोली ही २,९०० रुपयांच्या सीपी खोलीपेक्षा महाग आहे.

दुसरी, कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. म्हणून ७,४०० आणि ७,६०० या दोन खोल्यांमधला खरा फरक २०० रुपयांचा नसतो. पहिली करासह ७,७७० ला पडते, दुसरी ८,९६८ ला. फरक ११९८ रुपयांचा झाला.

तिसरी, माणसं. खोली दोघांची धरलेली असते. तिसऱ्याची गादी, मुलाचं वय, यांचे नियम प्रत्येकाचे निराळे. मुलांची वयं खरी टाकावीत. दारात वाद होत नाहीत.

आणि 'फक्त १ खोली शिल्लक!' या लाल अक्षरांविषयी. दहा खोल्यांचा मालक एखाद्या बुकिंग कंपनीला विकायला दोनच खोल्या देतो. त्यातली एक गेली की पडद्यावर 'एकच शिल्लक' येतं. मालकाच्या वहीत आठ मोकळ्याही असू शकतात. ग्राहकाला अशी खोटी घाई लावणं, किंवा शेवटच्या पायरीवर नवनवे आकार उघड करणं, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली ज्या १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली त्यांत मोडतं. तरी त्या दिसतात. लाल अक्षरं दिसली की मी फोन खाली ठेवते, पाणी पिते आणि मग ठरवते.

५. तारे आणि शेरे

तारे दोन प्रकारचे असतात आणि दोन्ही सारखेच दिसतात. एक केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणाचे. समिती येऊन पाहणी करते, दर्जा देते आणि तो पाच वर्षं चालतो. पण हे वर्गीकरण ऐच्छिक आहे. तारा नसलेलं हॉटेल वाईट असतं असं नाही. दुसरे तारे राहून गेलेल्या माणसांनी दिलेल्या गुणांचे. पहिले सोयी मोजतात, दुसरे समाधान.

गुणांचं वाचन करताना आधी संख्या बघावी. १५ जणांनी दिलेले ४.६ आणि ११०० जणांनी दिलेले ४.२ यांत मी दुसऱ्यावर जास्त विसंबते, कारण १५ जणांत मालकाचे भाऊबंद सहज मावतात.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. हॉटेलच्या वीस खोल्या एका पातेल्यातल्या नसतात. पुढची रस्त्यावर, मागची बागेवर. वरची तापलेली, खालची ओल आलेली. म्हणून एखाद्याचा 'अप्रतिम' हा शेरा कुठल्या खोलीबद्दल आहे ते शोधावं. मी पाच तारे आणि एक तारा दोन्ही बाजूला ठेवते आणि तीन ताऱ्यांचे शेरे वाचते. तिथे माणसं बारकाईने लिहितात: 'गरम पाणी ८ नंतर संपतं', 'मागच्या हॉलमध्ये लग्न असलं की झोप नाही', 'लिफ्ट दुसऱ्या मजल्यापासून'. वाचताना तारीखही बघावी. गेल्या सहा महिन्यांतले शेरे महत्त्वाचे. मालक, आचारी, गाद्या, सगळं बदलतं.

६. रद्द करण्याची किंमत

एकाच खोलीचे दोन भाव दिसतात. २,४०० रुपये, पण रद्द केल्यास पैसे परत नाहीत. २,८०० रुपये, रद्द केल्यास पूर्ण परत. कुठला घ्यायचा?

अशा सात सहली धरा. सातांपैकी एक रद्द झाली, तर महाग भावाने सहा सहलींचे १६,८०० रुपये जातील. स्वस्त भावाने सातही सहलींचे पैसे जातील, म्हणजे तेही १६,८००. बरोबरी झाली. म्हणजे बेत सातात एकदाहून जास्त वेळा मोडत असेल तर महाग भाव स्वस्त पडतो. त्याहून कमी मोडत असेल तर स्वस्तच घ्यावा. वरचे ४०० रुपये म्हणजे विम्याचा हप्ता.

आता स्वतःला विचारा. रेल्वेचं तिकीट वेटिंगवर आहे का? घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का? जुलै महिन्यात घाट उतरायचाय का? यांतल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर हप्ता भरावा. तो भरल्यावर मुदतही पाळावी. 'दोन दिवस आधीपर्यंत मोफत' म्हणजे खोलीत शिरण्याच्या वेळेपासून मागे ४८ तास. शुक्रवारी दुपारी १२ची खोली असेल, तर बुधवारी दुपारी १२ला दार बंद. बुकिंग होताच ही वेळ फोनच्या दिनदर्शिकेत आठवणीसह टाकून ठेवावी.

७. एक फोन

बुकिंग कंपनी हॉटेलकडून दलाली घेते, ती बिलाच्या १५-२० टक्क्यांच्या घरात सहज जाते. त्यामुळे थेट फोन केला तर मालक भाव कमी करू शकतो, निदान नाश्ता घालतो. पण फोनचा खरा उपयोग भावासाठी नाही. वडील गादी दाबून आणि नळ सोडून जे शोधत, ते विचारून घेण्यासाठी आहे.

गेल्या वर्षी आईला घेऊन तारकर्लीकडे जायचं होतं. एका घरगुती निवासाच्या काकूंशी बोलले.

"काकू, खोली तळमजल्यावर आहे का? आईचे गुडघे दुखतात."

"तळमजल्यावरच देते. अंगणातून दोन पायऱ्या आहेत, पण धरायला कठडा आहे."

"कमोड आहे ना?"

"आहे. पण न्हाणीघरात उतरताना उंबरठा जरा उंच आहे, त्यांना आधी सांगा. आणि गरम पाणी सोलरचं. सकाळी ९च्या आत अंघोळी आटपा, ढगाळ असलं तर बंबात तापवून देईन. मासे खाता की शाकाहारी?"

उंबरठ्याचं मी विचारलंच नव्हतं. न विचारता उणीव सांगणाऱ्या माणसाकडे मी डोळे मिटून पैसे पाठवते. याउलट 'सगळं आहे मॅडम, काही टेन्शन नाही' एवढंच उत्तर मिळालं तर पुढचं हॉटेल बघते.

विचारायच्या गोष्टी माणसागणिक बदलतील. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. गाडी आवारात लागते का. ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय काय. ज्या गावचं आधारकार्ड त्याच गावात खोली हवी असेल, तर आधी विचाराच, कारण बरीच हॉटेलं 'लोकल आयडी' घेत नाहीत. एप्रिल-मेनंतर कोकणात जात असाल तर आणखी एक: १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते, ताज्या मासळीची आशा त्या बेताने धरावी.

८. पैसे पाठवण्याआधी

तीर्थक्षेत्रांच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून भाविकांना लुबाडण्याचे प्रकार इतके वाढले, की एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने त्याबद्दल जाहीर इशारा दिला. शोधयादीत वरच झळकणारी जाहिरात ही संस्थानाची असेलच असं नाही. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव पडद्यावर येतं, ते वाचावं. भक्तनिवासाच्या खोलीसाठी एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबावं. 'परतावा देतो, पिन टाका' असं कुणी म्हणालं तर ती फसवणूकच. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत सरकत जातात.

९. मग आधी की नंतर?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते ३१ डिसेंबर, मे महिना, सलग सुट्ट्या आणि यात्रेचे दिवस या काळात आधीच, आणि रद्द करता येईल अशीच खोली घ्यावी. आषाढीला पंढरपुरात जाऊन खोली शोधू म्हणणाऱ्याला ओटाही मिळणं कठीण. आडदिवशी, एकटे किंवा दोघे असाल आणि उजेडात पोचणार असाल, तर पहिल्या रात्रीपुरतं बुकिंग करून पुढचं तिथे बघणं मला आवडतं. रात्री ८नंतर पोचणार असाल, तर कुठल्याही ऋतूत आधीच.

बुकिंग असलं तरी आदल्या संध्याकाळी एक फोन करावाच. एका थंड हवेच्या ठिकाणी आम्ही रात्री साडेनऊला पोचलो, हातात पक्क्या बुकिंगचा संदेश, आणि आमची खोली दुपारीच दुसऱ्यांना दिलेली. तुमचं नाव वहीत आलंच नाही, असं काउंटरवरचा मुलगा म्हणाला. मुलं पेंगुळलेली, बाहेर धुकं. त्यानेच दोन तास खटपट करून शेजारी सोय लावली, पण आदल्या दिवशी मी फोन केला असता तर हे त्याला चोवीस तास आधी कळलं असतं.

पोचल्यावर सामान वर चढवण्याआधी एकाने खोली बघून यावी. नळ, कडी, खिडकीची खिटी, पंखा. काही बिनसलं असेल तर तेव्हाच सांगावं, बॅगा उघडल्यावर नाही. मोकळी खोली असेल तर पहिल्या दहा मिनिटांत बदलून मिळते. मिळाली नाही तर फोटो काढावेत, बुकिंग कंपनीला तिथूनच कळवावं; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ओळखपत्राची प्रत द्यायची तर आधारची झाकलेली आवृत्ती द्यावी, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि वहीत सही करता करता विचारून घ्यावं, सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं.